सहावी तार

गुडघ्याने लिव्हर ढकलली, सहावी तार जी शार्पवरून एफ शार्पवर उतरली, लिव्हर सोडली आणि तार परत आली. पण पूर्ण आली नाही. ट्यूनरचा काटा मधल्या रेषेच्या जरा अलीकडे थांबला. फरक पाचसहा सेंटचा, म्हणजे अर्धस्वराचा जेमतेम विसावा भाग. तार एकटी वाजवली तर कळणारही नाही. पण आठव्या तारेवरच्या ई बरोबर छेडली की दोन्ही सूर एकमेकांवर घासायचे. खुंटी पिळून तिला जागेवर आणावं, तर थोड्या वेळाने तीच तार चढलेली लागायची, खुंटीला कुणाचा हात लागलेला नसताना.

कणसूर हा शब्द मला फार नेमका वाटतो. बेसूर म्हटलं की विषय संपतो. कणसूर म्हटलं की तो एक कण कुठे गेला, याचा शोध सुरू होतो. माझ्या पेडल स्टील गिटारच्या सहाव्या तारेतला कण शोधायला मला दोन आठवडे लागले.

हे वाद्य जवळून पाहिलेलं नसेल तर आधी थोडं सांगायला हवं. चार पायांवर आडवं ठेवलेलं, समोर बसून वाजवायचं वाद्य. दहा तारा. पट्टीवर फ्रेटच्या रेषा असतात, पण त्या नुसत्या काढलेल्या. बोटाला किंवा तारेला अडवणारं काही नाही. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. डावा पाय सूर बदलणाऱ्या तीन पेडलांवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला चारपाच लिव्हर. ई नाइन्थ नावाच्या रचनेत पहिल्यापासून दहाव्या तारेपर्यंत सूर असे: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी चढवून सी शार्प करतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी शार्प चढवून ए करतं. सी पेडल चौथीचा ई एफ शार्पवर आणि पाचवीचा बी सी शार्पवर नेतं. लिव्हर काही तारा उतरवतात, काही चढवतात.

हे सगळं हवाईच्या स्टील गिटारमधून आलं. त्या गिटारवर बार सरळ धरला की तारा जशा लावल्या असतील तेवढेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, हाताशी. वेगळे हवे असतील तर वेगळी लावलेली दुसरी पट्टी जोडायची, मग तिसरी. पेडल आली तेव्हा त्यांचं काम मुख्यतः एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाणं एवढंच होतं. 1954 साली वेब पियर्स या कंट्री गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात स्टील वाजवणाऱ्या बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि कॉर्डमधले दोन सूर चढत असताना तिसरा जागच्या जागी थांबलेला लोकांनी ऐकला. सरळ बारने ओढलेल्या मींडेत हे होऊच शकत नाही, कारण तिथे सगळे सूर एकत्र सरकतात. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे या वादकांनी तो एकच बदल दोन पेडलांत वाटला. आजचं ए आणि बी पेडल ते हेच. एमन्सने शॉट जॅक्सनबरोबर पेडल स्टील बनवणारी शो-बड ही कंपनी काढली, आणि वरच्या बाजूच्या एफ शार्प आणि डी शार्प या दोन तारा या रचनेत आणल्या त्याही त्यानेच. मला या इतिहासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की बहुतेक सुधारणा वाजवणाऱ्यांनीच, हातात पाना घेऊन केल्या.

आता पोटातलं यंत्र. इतर गिटारमध्ये जिथे ब्रिज असतो तिथे इथे चेंजर असतो. प्रत्येक तारेसाठी ॲल्युमिनियमचं एक फिंगर, डोक्यावर गोल, आणि दहाही फिंगर एकाच आडव्या कण्यावर ओवलेली. तार त्या गोलाईवरून खाली वळून अडकते. फिंगर इकडे झुकलं की तार ताणली जाते, तिकडे झुकलं की सैल पडते. पेडल दाबलं की खालचा आडवा दांडा थोडा फिरतो, त्यावर बसवलेली बेलक्रँक कलते, बेलक्रँकमध्ये अडकवलेला लांब बारीक रॉड ओढला जातो, आणि रॉडच्या टोकाला असलेला नायलॉनचा नट फिंगरला आपल्याबरोबर नेतो. हे नट वाद्याच्या उजव्या कडेला बाहेरून दिसतात, षटकोनी, रांगेने, नखाएवढे. बारीक पान्याने ते फिरवता येतात.

म्हणजे एकेक तार दोन ठिकाणी लावायची असते. मोकळा सूर खुंटीवर. पेडलचा किंवा लिव्हरचा सूर नायलॉनच्या नटवर. क्रमही ठरलेला: आधी दहाही तारा मोकळ्या लावायच्या, मग पेडल, मग लिव्हर. खुंटीला पुन्हा हात लावला तर त्या तारेचे सगळे पुढचे सूर पुन्हा तपासायचे. हे पाठ होतं मला. पण मोकळा सूर म्हणजे नेमकं काय, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तो सूर एकट्या खुंटीचा नसतो. पेडल सोडलेलं असताना फिंगर स्प्रिंगच्या जोरावर आपल्या थांब्याला घट्ट टेकलेलं असतं, आणि ते तिथे टेकलेलं आहे या भरवशावर खुंटीचा सूर उभा असतो.

मी काय केलं होतं ते सांगते. सहाव्या तारेसाठी मी 0.020 इंचाची साधी तार वापरत असे. तिचा आवाज मला थोडा टणक वाटायचा, म्हणून 0.022 इंचाची लपेटलेली तार चढवली. आवाज खरोखर बदलला, भरदार झाला. पण लिव्हर ढकलल्यावर तार एफ शार्पपर्यंत पोचेना, वरच अडकायची. याला कारण आहे. लपेटलेल्या तारेत सगळा ताण आतल्या बारीक गाभ्यावर असतो, तो गाभा आधीच खूप ताणलेला असतो, त्यामुळे तेवढाच सूर उतरवायला तार जास्त सोडावी लागते. साध्या तारेसाठी बेतलेली हालचाल तिला पुरत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी लिव्हरचा नट पिळत गेले, अर्धा फेरा, आणखी अर्धा, आणि एफ शार्प मिळाल्यावर समाधानाने पाना ठेवून दिला.

त्यानंतर सुरू झालं ते सुरुवातीला लिहिलं आहे.

संशय घ्यायला जागा पुष्कळ होत्या आणि मी त्या सगळ्या घेतल्या. नवी तार अजून बसली नसेल म्हणून ती ताणून ताणून पाहिली. खुंटीवरचे वेढे नीट नसतील म्हणून तार काढून पुन्हा गुंडाळली. मग रोलर. खुंट्यांच्या बाजूला प्रत्येक तार एका छोट्या खाचेच्या चाकावरून जाते. ते चाक मळाने जाम झालं तर तार त्यावर अडकते आणि मागेपुढे मोकळी सरकत नाही. मी दहाही रोलर काढून पुसले. तपासण्याची एक सोपी रीत आहे: रोलर आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने दाबून सोडायचा आणि मोकळा सूर होता तिथेच येतो का बघायचं. माझा सूर त्या तपासणीत दर वेळी जागेवर यायचा, आणि तरीही मी रोलरवरचा संशय सोडला नाही. हातात पुरावा असताना त्याकडे न बघता मी पुढचं चाक पुसत होते.

ज्यांच्याकडून मी हे वाद्य शिकले त्यांना शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “लिव्हर सोडल्यावर तार उतरलेली राहते की चढलेली?”

मी म्हटलं, “उतरलेली.”

“मग रोलर नाही. नट सैल कर.”

फोन ठेवल्यावर मी त्या उत्तराचा अर्थ लावत बसले, आणि लागल्यावर अंगावर शहारा आला. रोलरवर तार अडकत असेल तर काय होतं बघा. लिव्हरने तार सैल केली की रोलरच्या अलीकडचा ताण कमी होतो, पलीकडे खुंटीजवळ तो जास्त असतो, म्हणून थोडी तार पलीकडे ओढली जाते. लिव्हर सोडल्यावर ती लगेच परत येत नाही, अडकते. वाजणाऱ्या भागात तार कमी, म्हणून सूर चढलेला राहतो. पेडलने तार चढवून सोडली तर बरोबर उलट, सूर उतरलेला राहतो. म्हणजे रोलरचा दोष असता तर उतरवणाऱ्या लिव्हरनंतर माझी तार चढलेली मिळायला हवी होती. ती उतरलेली मिळत होती, याचा अर्थ फिंगर स्वतःच परत जात नव्हतं. काटा किती हलला हे मी दोन आठवडे वहीत टिपत होते. तो कोणत्या बाजूला हलला, ही खूण रोज समोर होती आणि मी तिला आकड्यात जमा करून टाकत होते.

पाना घेतला. लिव्हरला हात न लावता, मोकळी सहावी तार छेडत, तिचा उतरवणारा नट हळूहळू सैल करायला लागले. पाव फेरा, तार छेडली, काटा वर गेला. आणखी पाव फेरा, आणखी वर. खुंटीला कुणी हात लावत नव्हतं आणि मोकळा सूर चढत चालला होता. सात सेंट चढला आणि थांबला. त्यानंतर नट कितीही सैल केला तरी काटा जागचा हलेना. तो थांबला त्या जागी फिंगर आपल्या थांब्याला टेकलं होतं. एवढे दिवस ते टेकलेलंच नव्हतं. मी पिळलेल्या नटने त्याला थांब्यापासून कायम थोडं दूर धरून ठेवलं होतं, आणि माझा मोकळा जी शार्प लिव्हर परत कुठे येऊन थांबते त्यावर लटकत होता. लिव्हर परत येते ती तिच्या स्प्रिंगच्या आणि बिजागराच्या मर्जीने. कधी पूर्ण, कधी नाही.

नट आणि फिंगर यांच्यामध्ये मोकळ्या स्थितीत केसभर तरी फट हवी. आता वाद्य लावायला बसले की मी आधी प्रत्येक नट जरा हलवून ती फट आहे ना ते पाहते.

पण सैल केल्यावर एफ शार्प पुन्हा लांब गेला. तीसएक सेंट वर. आता हालचाल खरोखरच वाढवायला हवी होती आणि ती नटने वाढत नाही. नट फक्त ढील घेतो, चाल वाढवत नाही. वाद्य उलटं करून पाठीवर ठेवलं. पोटात दांडे, रॉड, क्रँक, स्प्रिंग यांचं जाळं. बेलक्रँकला तीन छिद्रं होती आणि सहाव्या तारेचा रॉड मधल्या छिद्रात होता. दांड्यापासून छिद्र जितकं दूर तितका रॉड त्याच फिरण्यात जास्त ओढला जातो, पण लिव्हर तितकीच जड लागते. चेंजरच्या टोकाला हिशोब उलटा: कण्याच्या जवळच्या छिद्रात रॉड असेल तर थोड्या ओढीत सूर जास्त बदलतो, आणि तिथेही जडपणा वाढतोच. फुकट काहीच मिळत नाही. मी रॉड मधल्या छिद्रातून काढून दूरच्या छिद्रात घातला, लिव्हरचा थांबास्क्रू एक फेरा मागे घेतला, वाद्य सरळ केलं. एफ शार्प मिळाला आणि नटजवळची फट राहिली. लिव्हर पूर्वीपेक्षा थोडी जड झाली. गुडघ्याला ती आठवडाभरात सवयीची झाली.

सहावी तार पहिल्यांदाच जागेवर आली तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकू यायला लागली, जी आधीच्या गोंधळात दबली होती. जागेवर म्हणजे कुठल्या जागेवर?

ट्यूनर जी शार्पची जी मधली रेषा दाखवतो ती समान विभागणीची, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी, पियानोची. आठवी तार ई, 164.8 हर्ट्झ. तिच्यावरचा जी शार्प ट्यूनरच्या मते 207.65 हर्ट्झ. या दोन तारा एकत्र छेडल्या तर ई चा पाचवा स्वरांश (मूळ कंपनाच्या पाचपट) आणि जी शार्पचा चौथा स्वरांश (चौपट) जवळजवळ येतात पण जुळत नाहीत, आणि आवाज कमीजास्त होण्याच्या सेकंदाला साडेसहा लाटा ऐकू येतात. पियानोत या लाटा लवकर विरतात. पेडल स्टीलमध्ये सूर लांबतो, आवाजाच्या पेडलने तो आणखी लांबवायचा असतो, आणि लाटा कॉर्डभर थरथरत राहतात. जी शार्प 206 हर्ट्झवर, म्हणजे जवळपास 14 सेंट खाली आणला की लाटा शांत होतात. तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार तो हाच. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला ट्यूनरची मधली रेषा पाळताना कष्ट होतात.

बहुतेक पेडल स्टील वादक म्हणूनच गांधार उतरवून लावतात. पण पेडल असलेल्या वाद्यात हे इतकं सरळ राहत नाही. ए आणि बी पेडल एकत्र दाबली की ए चा कॉर्ड तयार होतो, त्यात सी शार्प गांधार. शुद्ध लावायचा तर तो 16 सेंट उतरतो. मग ए पेडल तसंच ठेवून, बी सोडून, चौथी आणि आठवी तार लिव्हरने अर्धस्वर चढवली की सी शार्पचा कॉर्ड मिळतो. त्याचा षड्ज आधीच 16 सेंट खाली, त्यावरचा गांधार आणखी 14 खाली, म्हणजे लिव्हरचा सूर ट्यूनरच्या रेषेपासून 30 सेंट खाली लावायचा. नुसत्या काट्याकडे बघितलं तर तो साफ चुकलेला दिसतो. कॉर्डमध्ये वाजवला तर तिथेच बसतो.

खरा पेच पहिल्या आणि सातव्या तारेच्या एफ शार्पचा. बी चा पंचम म्हणून तो 4 सेंट वर हवा. पेडल दाबून सी शार्पबरोबर वाजवायचा तर 18 सेंट खाली. दोन्हींत 22 सेंटचं अंतर, 81 भागिले 80 या गुणोत्तराचं. आपल्याकडे जिला प्रमाणश्रुती म्हणतात ती एवढीच. एका मोकळ्या तारेला एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. म्हणून काही वादक ए पेडलला आणखी दोन रॉड जोडतात. त्यांचं काम एवढंच की पेडल दाबलं की पहिली आणि सातवी तार एका श्रुतीने गुपचूप उतरावी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाद्य बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. ग्रंथातली श्रुती इथे नायलॉनच्या नटवर पान्याने फिरवता येत होती. माझ्या वाद्यात ते रॉड नाहीत. मी एफ शार्प मध्ये कुठेतरी ठेवते आणि बार किंचित तिरका करून उरलेलं सांभाळते.

सगळेच दोष पान्याने जात नाहीत. ए आणि बी पेडल एकत्र दाबली की चार तारा एकदम ताणल्या जातात, लाकडाचं धड आणि चेंजरचा कणा किंचित वाकतो, आणि ज्यांना कुणी हात लावलेला नाही त्या तारा थोड्या उतरतात. चौथी तार छेडून ठेवायची, दोन्ही पेडल दाबायची, काटा बघायचा. माझ्या वाद्यात तो चार सेंट घसरतो. हा धडाचा स्वभाव आहे, त्याच्याशी भांडण नाही. मोकळ्या तारा लावताना तो धरून चालायचं. तिसऱ्या तारेचं तुटणंही तसंच. 0.011 इंचाची ती तार बी पेडलमुळे फिंगरच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा वाकते आणि शेवटी तिथेच तुटते. फिंगरवर चर पडला असेल तर बारीक पॉलिश कागदाने तो घासून गुळगुळीत करता येतो. तार टिकते थोडी जास्त, एवढंच. तेलाबाबत मात्र मी हट्टी आहे: जुनं तेल घट्ट होऊन फिंगरांमध्ये चिकटलं की त्यावर नवं तेल ओतायचं नाही. आधी ते धुऊन काढायचं, मग कण्याजवळ थेंब, तोही लहान.

त्या संध्याकाळी मी लिव्हर वीस वेळा ढकलली आणि सोडली. मग बी पेडल वीस वेळा. मग दोन्ही एकत्र, ज्यात सहावी तार साध्या जी वर यायला हवी. तिथे थोडी वर होती, त्यासाठी वेगळा स्क्रू आहे, तो फिरवला. दर वेळी सोडल्यावर काटा त्याच जागी, रेषेच्या 14 सेंट अलीकडे. आठवीबरोबर छेडली. लाट नव्हती. सूर विरेपर्यंत ऐकत राहिले.

वहीत लिहिलं: सहावी, लपेटलेली 0.022, बेलक्रँकचं दूरचं छिद्र, फट आहे. मग सवयीने पाचवी तपासली. ए पेडलने ती सी शार्पच्या जिथे पोचते तिथे सी पेडलने पोचत नव्हती, तीन सेंट खाली राहत होती. दोन पेडल, दोन नट, एकच तार. पाना हातातच होता. आधी सी पेडलचा नट थोडा सैल करून मोकळा सूर हलतो का ते पाहिलं. हलला नाही.